शिगेची पुडी

सायकलची घंटा वाजली की आत्या आधी पुढचं दार ओढून घ्यायची आणि मग मागचं उघडायची. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं, पाहुणा पुढून येतो आणि काम मागून येतं. वसंता, म्हणजे बाबूशेठचा माणूस, सायकलच्या कॅरिअरला चिवड्याचा पत्र्याचा डबा सुतळीने बांधून आणायचा, वर गोणपाट टाकलेलं, की बघणाऱ्याला वाटावं रॉकेल असेल नाहीतर कोंडा. आमची बौद्धवाडी महाडच्या बाहेर, पोलादपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. रस्त्यावरनं एसट्या जायच्या, बिरवाडीच्या बाजूला कारखान्यात जाणारे कामगार जायचे, आणि त्यातल्या कुणीही तो डबा आमच्या घरात शिरताना बघायचा नाही, असा नियम होता. शेठने तो पहिल्याच दिवशी आईला सांगितलेला. ओरडून वगैरे नाही, दुकानाच्या मागच्या गल्लीत, सुपारी कातरता कातरता. काम देतो, पण कुठं होतं ते बोलायचं नाही. का बोलायचं नाही ते त्याने सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. मलाही कुणी समजावून सांगितलं नाही, वाडीतल्या पोरांना असलं आपोआप कळतं. बाजारात शेठच्या भट्टीवर चिवडा तळला जायचा, आमच्या मागच्या खोलीत पुड्यांत भरला जायचा, आणि पोलादपूरच्या एसटी स्टँडवर, घाटाच्या टपऱ्यांवर, पार वर डोंगरातल्या कुडपण गावापर्यंत लोक तो खायचे. त्या लोकांना कळलं की पुडी कुणाच्या हातची आहे तर काय होईल, या एकाच विचाराने मी कित्येकदा जेवणावरून उठलेय.

कामाचं सांगते, कारण आता ते कुणी करत नाही आणि माझ्या नातवाला सांगितलं तर त्याला खोटं वाटतं. आई भरायची, आत्या तोंडं बंद करायची, आणि मी पिशव्या उघडून द्यायची, कारण त्या एकमेकींना चिकटलेल्या असायच्या आणि माझी बोटं बारीक. आत्याकडे करवतीचं एक मोडकं पातं होतं. पिशवीचं तोंड त्या पात्यावर दुमडायचं, दोऱ्याएवढी कड बाहेर ठेवायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरनं सर्रकन फिरवायची. हळू फिरवली तर भोक पडतं, घाईने फिरवली तर तोंड उघडं राहतं. आत्या एकदा फिरवून थांबायची नाही, जराशी खाली दुमडून पुन्हा एकदा फिरवायची. म्हणायची, घाटात गाडी हलते, पुडी फुटली तर बोंब आपल्या नावानं. म्हणून आमच्या पुड्यांना वर दोन रेघा असायच्या. शेठ आमच्यासारख्याच आणखी वाड्यांत काम द्यायचा, त्यांच्या पुड्यांना एकच. जळक्या प्लास्टिकचा वास, मेणाचा वास आणि त्याच्यावर तळलेल्या कढीपत्त्याचा, शेंगदाण्याचा, हळदीचा वास. त्या वासात बसून आम्ही तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खायचो. चिवड्यातला एक दाणा तोंडात टाकायचा नाही, हा आईचा नियम, शेठचा नव्हे. खाली सांडलेलं सुद्धा ती चिमटीने गोळा करून कागदात बांधायची आणि वसंताला परत द्यायची. तो हसायचा. म्हणायचा, अगो वयनी, हे कोण परत घेतं, पोरीला दे की. आई द्यायची नाही. मला तिचा इतका राग यायचा ना, की मी पिशव्या मुद्दाम हळू उघडायची.

बाबा तेव्हा घाटाच्या रस्त्यावर मजुरांच्या गँगमध्ये होते, पोलादपूरच्या पुढे, खडी आणि डांबर. तिथेच झोपडीत राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. दर मार्चला मात्र काही झालं तरी यायचे आणि आम्हाला सगळ्यांना चवदार तळ्यावर घेऊन जायचे. लांबलांबून आलेली माणसं, निळे झेंडे, भाषणं, आणि बाबा त्या गर्दीत इतके ताठ चालायचे की मला त्यांच्याबरोबर पळावं लागायचं. तिथं आम्ही कुणाला घाबरत नव्हतो. आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी घंटा वाजली की आत्या पुढचं दार ओढून घ्यायची. या दोन गोष्टी एकाच घरात कशा राहत होत्या, हे मी आता विचारते. तेव्हा फक्त भीती वाटायची. शाळेत मधल्या सुट्टीत बाजारातल्या मुली पुड्या फोडायच्या. माझ्या बाकावरची एक मुलगी, बिचारी चांगली होती, माझ्यापुढे पुडी धरायची, घे गं. मी आधी पुडीच्या तोंडाकडे बघायची. दोन रेघा. आमची. मी दाणा उचलायची आणि माझी कानशिलं तापायची, वाटायचं आत्ता ही विचारेल, तुझ्या हाताला हाच वास कसा येतो?

तर मग नवी वाटी आली. याआधी माप म्हणून शेठने चिनी मातीचा एक कप दिलेला, कान तुटलेला. एक कप एक पुडी, आणि पुडी चार आण्याला. एके दिवशी वसंताने तो कप मागून घेतला आणि स्टीलची एवढीशी वाटी काढून ठेवली, तान्ह्या बाळाला भात भरवतात तेवढी. आईने विचारलं, पुडी आता किती पैशाला? वसंता म्हणाला, चार आण्यालाच की. शेठने सांगितलंय, तेल वाढलं, शेंगदाणा वाढला, पण चार आण्याच्या वर गिऱ्हाईक एक पैसा देत नाय, बोंबलतं. पुडी बारीक झाली तर बोंबलत नाय, त्याला कळतच नाय. आणि पिशवी तीच ठेवायची, लहान करायची नाही. आधी आई पिशवी दाबून हवा काढायची, आता काढायची नाही, उलट झटकून फुगवायची, मग तोंड बंद करायचं, म्हणजे माळेत टांगल्यावर भरलेली दिसते.

आत्याला झटकून फुगवायचा कंटाळा. तिने पिशवी तोंडाला लावली, फू करून फुंकर मारली आणि तशीच ज्योतीवर फिरवली. गुबगुबीत पुडी. तिने ती वर धरून बघितली आणि म्हणाली, "वयनी, आता चार आण्यात अर्धा चिवडा नि अर्धा माझा वारा. खावा म्हणावं, पोटभर खावा."

ती पोट धरून हसत होती. आई हसली नाही. तिने ती पुडी आत्याच्या हातातनं घेतली, फोडली, चिवडा परत डब्यात ओतला आणि पिशवी चुलीत घातली. म्हणाली, असं परत करायचं नाय वन्सं. आणि मी? मी त्या रात्री स्वप्नात बघितलं की पोलादपूरच्या स्टँडवर कुणीतरी पुडी फोडतंय आणि आतनं आत्याचं हसू बाहेर येतंय, आणि सगळा स्टँड आमच्या वाडीकडे चालत निघालाय. आज हे लिहिताना हसू येतंय खरं. आज दुकानात पाच रुपयाचं पाकीट हातात घेतलं की ते उशीसारखं लागतं, आत चार चकत्या, आणि कुणाला काही वाटत नाही. मी अजून दाबून बघते. दुकानदार म्हणतो आजी, फुटेल. पण तेव्हा ते नवीन होतं. वस्तू तीच, भाव तोच, आणि आतलं कमी, हे तेव्हा आमच्या घरात कुणी बघितलं नव्हतं. भाव वाढतात हे माहीत होतं. पण गुपचूप कमी होणं हे चोरीसारखं वाटायचं, आणि त्या चोरीचं तोंड बंद करत होतो आम्ही.

आईने त्या वाटीचं काय केलं ते आता सांगते, कारण सगळं तिथनं सुरू झालं. वाटी सपाट भरायची होती, काठापर्यंत. आई शीग लावायची. म्हणजे काठाच्या वर जेवढं राहील तेवढा ढीग, देवळाच्या कळसासारखा, आणि मग तो अलगद पिशवीत. मी सुरुवातीला समजले तिला कळलं नाही. मी म्हटलं, आई, सपाट भरायची आहे. तिने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. मग आत्याने मला मागच्या पडवीत नेऊन सांगितलं. आईच्या वडलांच्या वेळी, कुणाच्या खळ्यावर राबून आलं की मजुरीचं भात मापून द्यायचे. मालक स्वतःसाठी भात घ्यायचा तेव्हा मापाला शीग. आमच्या माणसाला द्यायचा तेव्हा मापावरनं काठी फिरवून सपाट. वर राहिलेले दाणे सुद्धा झाडून परत ढिगात. आईने लहानपणी ओटी पसरून ते सपाट माप घेतलेलं. आत्या म्हणाली, "ती मरेल पन काठी फिरवणार नाय. तू तिला परत सांगू नको."

मी परत सांगितलं नाही. पण मला हिशेब कळत होता, आणि तो आत्यापेक्षा मला जास्त कळत होता. वाटी लहान केली ती डब्यातनं जास्त पुड्या निघाव्यात म्हणून. शीग लावली की त्या निघत नव्हत्या. वसंता पुड्या मोजून न्यायचा. पहिल्या खेपेला त्याने नुसत्या परत मोजल्या. दुसऱ्या खेपेला त्याने डबा उलटा करून ठोकला, बुडाशी काही राहिलंय का बघायला. तिसऱ्या खेपेला तो आत आला. कधी आत यायचा नाही, उंबऱ्यावर उभा राहायचा, त्या दिवशी आला. त्याने मडकी उघडून बघितली, तांदळाच्या डब्यात हात घातला, आमची कपड्यांची ट्रंक उघडायला लावली. स्वतःच लाजल्यासारखा करत होता, पण बघत होता. शेठने सांगितलं असणार. शेवटी माझ्यासमोर बसला आणि हळू आवाजात विचारलं, "काय गो सुमे, घरात चिवडा खाता काय तुमी? खरं सांग, मी शेठला नाय सांगणार."

मी मान हलवली, नाही म्हणून. आई चुलीपाशी पाठ करून उभी होती, ती वळली नाही. तिने एवढं जरी म्हटलं असतं की मी शीग लावते, तर चोरी अंगावरनं गेली असती आणि काम हातातनं. गुपचूप सपाट भरायला लागली असती तर काम राहिलं असतं, आणि आम्ही चोर. मला वाटत होतं तिने यातलं काहीतरी एक निवडावं. ती दोन्ही निवडत नव्हती, शीग लावत राहिली. त्या दिवसापासून मला पिशव्या उघडताना घाम फुटायचा आणि ओल्या बोटांना त्या अजून चिकटायच्या. वाडीत कुणी नुसतं हाक मारली तरी मी दचकायची. आत्या मला चिडवायची, हिला काय झालंय, शेळीसारखी करते. पण तीही आता हसून बोलत नव्हती आणि तिच्या रेघा वाकड्या यायला लागल्या होत्या.

मग एका बुधवारी बाबांचा निरोप आला, पाय मुरगळलाय, शनिवारी येणार नाही, तेल आणि जुनं धोतर पाठवा. आईने मला एसटीत बसवून दिलं. पोलादपूरला उतरायचं, स्टँडवर गँगचा एक माणूस येईल, त्याच्याकडे पिशवी द्यायची आणि परतीची गाडी धरायची. मी उतरले तर माणूस आला नव्हता. मी टपरीच्या सावलीला उभी राहिले. आणि डोळ्यासमोर माळा. आमच्या पुड्यांच्या माळा, वाऱ्यावर हलणाऱ्या, ऊन त्यांच्यातनं आरपार जात होतं. मला पळून जावंसं वाटलं, पण माणूस येणार होता.

एक बाई त्या माळेतल्या पुड्या एकेक करून चाचपत होती. वयस्कर, काष्टा मारलेला, डोक्यावरची तुपाची कासंडी खाली ठेवलेली. टपरीवाला वैतागलेला, म्हणत होता मावशे, सगळ्या सारख्याच हायत, कुठलीपन घे. ती ऐकत नव्हती. तिने एक पुडी उन्हाला धरली, वरचं तोंड बघितलं, आणि ती सोडून दुसरी धरली. टपरीवाल्याने बाजूच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, सगळे कुडपणवाले आता असंच करतात, दोन रेघांची पुडी जास्त भरते, तीच दे म्हणतात, एका रेघेच्या माझ्या तशाच पडून राहतात. तो म्हणाला, शेठला मी परवा सांगितलं, म्हटलं सगळा माल दोन रेघांचा पाठव नायतर एका रेघेचा परत घेऊन जा.

म्हणजे शेठला कळलं होतं. वसंता मडक्यात हात घालत होता तेव्हा कळलं नसेल, पण आता कळलं होतं, चिवडा कुठं जातो ते. लोक आमच्या पुड्या ओळखत होते. मला अभिमान वाटायला पाहिजे होता असं आता मला माझी मुलगी सांगते. मला एवढंच वाटलं की ओळखलं, आपल्याला ओळखलं. त्या बाईला तिची दोन रेघांची पुडी सापडली. तिने ती तळहातावर वजन केल्यासारखी धरली आणि टपरीवाल्याला म्हणाली, "ही भरनारी कोन हाय रे? हिच्या हातात बरकत हाय. आयशीच्या हातासारकी भरते."

टपरीवाला म्हणाला, काय माहीत, शेठच्या घरची असेल बायामाणसं. बाई म्हणाली असेल, असेल, चांगल्या घरची असेल. मग तिची नजर माझ्यावर पडली. मी एकटक बघत असणार. तिने विचारलं, भूक लागली काय गो? आणि पुडी दाताने फोडून दोन चिमट्या माझ्या हातावर ठेवल्या. ठेवल्या म्हणजे वरनं टाकल्या नाहीत, ठेवल्या. मी कुणाची ते तिला माहीत नव्हतं. आईने आयुष्यात मला त्या चिवड्यातला दाणा दिला नाही आणि तो पहिल्यांदा घासभर म्हणावा असा मी खाल्ला तो कुडपणच्या बाईच्या हातनं, आणि गिळताना रडू येत होतं, भीतीने. ती म्हणाली तिखट लागलं वाटतं.

गँगचा माणूस आल्यावर त्याला पिशवी देऊन मी घरी आले आणि सगळं एका दमात सांगितलं, टपरीवाला, कुडपणवाले, दोन रेघा, शेठला कळलंय. आत्याने हातातलं पातं खाली ठेवलं. म्हणाली, ह्या रेघांनी घात केला, उद्यापासनं एकच मारते. आणि आई, मी तिचं तोंड बघत होते, तर तिने विचारलं, ती बाई नक्की काय म्हणाली? बरकत म्हणाली? मी म्हटलं हो. तिने पुन्हा विचारलं, आयशीच्या हातासारकी म्हणाली? मी चिडून म्हटलं, हो म्हणाली, पण शेठला कळलंय, आई. ती हसली. गालातल्या गालात, पोरीसारखं. मला तिचा हात धरून हलवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली नाही, बाबूशेठ स्वतः आला. चालत, मागच्या दाराने. आमच्या घरी पहिल्यांदाच. पांढरं धोतर चिखलाला लागू नये म्हणून एका हातात धरलेलं. आत्याने मुद्दाम विचारलं, चाय ठेवू शेठ? तो म्हणाला आत्ताच घेतला. मग तिने पाणी विचारलं, तर म्हणाला नको, घाई आहे. उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. मी दाराच्या मागे, हातात पिशव्यांचा गठ्ठा. त्याने वाटी मागितली. आईने दिली. मग त्याने खिशातनं लाकडी फूटपट्टी काढली, शाळेत असते तशी, आणि वाटीच्या काठावरनं फिरवून दाखवली. म्हणाला, असं. चिवडा वर राहिला तर पट्टी मारायची. तू शहाणी आहेस म्हणून मी चोर म्हणत नाही, पण तेल आणि शेंगदाणा माझा आहे, शीग लावायची असेल तर स्वतःच्या घरच्या मालाला लाव.

त्याने पट्टी पुढे केली. तिने हात पुढे केला नाही.

"माझ्या हातनं नाय होणार, शेठ," ती म्हणाली. "सपाट नाय होणार. दुसरं काय पन सांगा."

शेठने पट्टी खाली घेतली. मग आवाज खाली आणला, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो, गोड, समजावणीचा. म्हणाला, "मला तुझ्या पोटावर पाय द्यायचा नाय बाय. पन पोलादपुरात मी नुसतं एवढं म्हटलं ना, की दोन रेघांच्या पुड्या कुठल्या वाडीतनं येतात, तर ते कुडपणवाले परत हात लावतील काय? विचार कर."

मी डोळे मिटून घेतले. खरं सांगते, मिटून घेतले. हेच ते होतं, ज्याला मी घंटेच्या प्रत्येक आवाजाला घाबरत होते, आणि ते आमच्या मागच्या दारात उभं राहून कुणीतरी मोठ्याने बोललं होतं. मला वाटलं आई आता पट्टी घेईल. मला वाटलं घे, घे, घेऊन टाक.

"सांगा," आई म्हणाली.

शेठला ऐकू आलं नसावं असं वाटलं. म्हणाला, काय?

"सांगा म्हणते. पन सांगताना एका रेघेच्या कुठल्या वाडीत भरतात ते पन सांगा. नि दोन्ही पुड्या कुणाच्या दुकानातनं जातात ते पन सांगा. मी कशाला सांगू, तुमीच सांगा."

मी डोळे उघडले तेव्हा शेठच्या हातातनं धोतराचा काठ सुटलेला होता आणि चिखलात लागत होता आणि त्याला कळलं नव्हतं. तोपर्यंत मला हे सुचलंच नव्हतं की ही गोष्ट बाहेर पडली तर आम्ही फक्त काम घालवू, तो सगळं दुकान घालवेल. इतके दिवस आम्ही पुढचं दार लावत होतो ते त्याच्यासाठी. तो वळला. पट्टी त्याच्याच हातात होती. जाताना वाटी उंबऱ्यावर ठेवून म्हणाला, डबा आज संपवा, बाकीचं बघू.

तो गेल्यावर आत्या जमिनीवर बसली आणि म्हणाली, वयनी, शेठला घाम फुटला, मी डोळ्यानी बघितला. आई म्हणाली, मला पन फुटलाय गो. आणि तिने डबा ओढला. आत्याच्या हातात पातं राहीना म्हणून आईने स्वतः घेतलं, तर ज्योत प्लास्टिकला लागली आणि पहिल्याच पुडीला मोठं भोक पडलं. दुसरीलाही. तिसरीलाही. मी समजत होते घरात घाबरणारी मी एकटीच. शेवटी मी पातं घेतलं. माझ्या रेघा वाकड्यातिकड्या आल्या, पण दोन आल्या. आणि भरल्या त्या शिगेनेच.

त्यानंतर घंटा वाजली नाही. एक आठवडा, दोन आठवडे, आम्ही दुपारी बोलता बोलता थांबायचो आणि रस्त्याकडे कान द्यायचो. आधी घंटेची भीती वाटायची, आता घंटा नाही याची. बाजारात वसंता समोरनं आला तरी पलीकडच्या कडेला जायचा. भरलेल्या पुड्या, डबा आणि वाटी तेवढं शेठने माणूस पाठवून परत नेलं. बाबा लंगडत घरी आले, त्यांनी सगळं ऐकलं, आणि एवढंच विचारलं, मग आता काय? आईने मीठ टाकून कढईत शेंगदाणे भाजले. घरचे, स्वतःचे. पिशव्या बाजारातनं आणल्या. आत्याने दोन रेघा मारल्या. आणि सोमवारी आई टोपली घेऊन पोलादपूरच्या गाडीत बसली, मला बरोबर घेऊन, कारण तिला एकटीला भीती वाटत होती. असं तिने मला सांगितलं, सरळ. मी कुणाला सांगू की मला किती वाटत होती.

स्टँडच्या भिंतीलगत ती बसली. टपरीवाला लांबून बघत होता. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. काही माणसांनी घेतल्या, न विचारता, काहींनी विचारलं कुठली गो तू, आणि ऐकून पुढे गेले, एकाने हातातली पुडी परत टोपलीत ठेवली. आई प्रत्येकाला वाडीचं नाव सांगत होती. मी तिच्या पदराला खाली खेचत होते, नको सांगू, नुसतं महाड म्हण. ती पदर सोडवून घ्यायची. मग कुडपणची बाई आली. तिने पुडी उन्हाला धरली, दोन रेघा बघितल्या, आणि आईकडे बघितलं. मग माझ्याकडे, आणि तिला मी आठवले असणार, कारण तिच्या कपाळाला आठी पडली.

"तूच भरतेस व्हय ह्या?"

"मीच."

"कुठली गो?"

आईने सांगितलं. बौद्धवाडी, महाडच्या खालच्या अंगाची. बाईच्या हातात पुडी होती, ती तिने खाली ठेवली नाही, आणि मी फक्त तो हात बघत होते. तिने कनवटीची गाठ सोडली, पावली काढली आणि उभ्याउभ्या वरून टोपलीत टाकली. ती पुड्यांमध्ये जाऊन पडली. आईने ती उचलली नाही. तिने तळहात वर केला आणि तसाच धरून ठेवला. म्हणाली, "बाय, हातात दे."

स्टँडवर तेवढ्यात कुठलीतरी गाडी लागली, कंडक्टर ओरडत होता, धूळ उडाली. बाई गाडीकडे बघत राहिली. मला वाटलं चालली. मग ती वाकली, म्हातारी होती, गुडघ्यावर हात टेकून वाकली, पुड्यांमध्ये बोटं घालून पावली शोधली आणि आईच्या तळव्यावर ठेवली, बोटं टेकवून. आणि पुडी दाताने फोडून, गाडी सुटेपर्यंत, आमच्या शेजारी भिंतीला टेकून दाणे खात उभी राहिली.